फलकाची कोरी पाठ

अकराला दहा मिनिटं कमी होती आणि वारा काही केल्या पडत नव्हता. रस्त्याकडेच्या नव्या फलकावर टाकलेली गोधडी प्रत्येक ट्रकमागे फुगायची आणि ओपल हेन्स्ली धावत जाऊन तिचं टोक धरायची. अकराला अनावरण होईपर्यंत कुणी फलक वाचायचा नाही, असं ती सकाळपासून सगळ्यांना बजावत होती. खरं तर तो आता कुणी कधीच वाचू नये, असं तिला वाटत होतं.

काल आलेलं पत्र तिच्या पर्समध्ये होतं. बत्तीस वर्षं गावाचं पोस्ट सांभाळलेल्या बाईने पत्राला घाबरावं, म्हणजे कमालच. फलकावर ओतीव अक्षरांत लिहिलं होतं, की १९३८च्या पुरात रेल्वेचा लाकडी पूल वाहून गेला, तेव्हा हॉबर्ट टॅकेटने लाल कंदील हलवून पहाटेची गाडी थांबवली आणि एकशे बारा जीव वाचवले. पत्रात त्या गाडीच्या गार्डच्या रोजनिशीचं एक पान होतं. त्याच्या नातवाने कौतुकाने पाठवलेलं. ‘कंदील नवऱ्याच्या हातात होता, पण त्याला धड उभं राहता येत नव्हतं. दारूचा भपकारा येत होता. बायको कमरेपर्यंत चिंब, धापा टाकत होती.’

या फलकासाठी ओपलने सहा वर्षं सरकारदरबारी खेटे घातले होते. एकेक तारीख कागदांवर पडताळली होती. अर्ज भरताना फक्त ‘दोन्ही बाजूंना मजकूर’ या चौकटीत खूण करायची ती विसरली, आणि कारखान्याने मागची बाजू कोरीच पाठवली. गावाकडून येणाऱ्याला नुसता निळा पत्रा दिसणार. कालपर्यंत तिला तेवढीच काळजी होती.

हॉबर्टची मुलगी व्हर्ना फलकाशेजारी चाकांच्या खुर्चीत बसली होती. वय चौऱ्याण्णव. गोधडी तिच्याच घरची. फलक ज्याच्या नावाचा, त्याच्या घराण्यात जो सगळ्यांत मोठा, त्याने ती ओढायची, अशी रीत.

ओपल तिच्या कानाशी वाकली. “मिस व्हर्ना, एक पत्र आलंय. तुमच्या वडिलांबद्दल.”

“मोठ्याने बोल गं!”

मोठ्याने कसं बोलणार? पाद्री दोन हातांच्या अंतरावर उभे होते. ओपल खडीत गुडघे टेकून बसली आणि तिने ते पान व्हर्नाच्या कानात वाचलं. आता ही रडेल, नाहीतर थोबाडीत देईल, असं तिला वाटलं.

“आणि परकर?” व्हर्नाही कुजबुजली. “परकराचं नाही लिहिलं त्याने?”

“कसला परकर?”

व्हर्नाने लोंबणारं गोधडीचं टोक पुढे ओढलं. त्यात लाल फ्लॅनेलचा एक तुकडा होता, कडेने करपलेला. “घरात साधाच कंदील होता. आईने परकर फाडून काचेवर गुंडाळला आणि धावत सुटली. मी आठ वर्षांची, तिच्या मागे. गाडी थांबली, माणसं उतरायला लागली, तेव्हा बाबा झुलत आला. आईने कंदील त्याच्या हातात दिला.”

“पण का?”

“रूळ तपासायची नोकरी त्याची, आणि झोपला होता तो. हाकलला असता, तर आम्ही पाच पोरं काय खाणार होतो? शिवाय दुसऱ्या दिवसापासून लोक टोपी काढून त्याला मिस्टर टॅकेट म्हणायला लागले. त्यानंतर त्याने बाटलीला हात लावला नाही. लाज वाटायची बिचाऱ्याला.”

“अहो, पण हा खोटा फलक माझ्या हातून लागतोय! मी काय करू?”

“ओपल, अकरा वाजले!” पाद्री ओरडले. “चर्चमध्ये जेवण गार होतंय!”

बँड सुरू झाला. व्हर्नाने गोधडी ओढली. टाळ्या पडल्या. बापाच्या नावावरून तिने सावकाश बोट फिरवलं.

“छान झालंय,” ती म्हणाली. “आता मला मागे ने.”

“मागे काही नाही, मिस व्हर्ना. माझ्या चुकीने कोरं राहिलंय.”

“ने म्हणते ना!”

गवतातून खुर्ची ढकलताना ओपलला घाम फुटला. लोकांना वाटलं, म्हातारीला सावली हवी आहे. व्हर्नाने निळ्या पत्र्यावर तळहात टेकला.

“ही बाजू आईची,” ती म्हणाली. बहिऱ्या माणसाचा आवाज तो, रस्त्यापलीकडे ऐकू गेला. बँड थांबला. “लेथा टॅकेट. लिहून घे, पोरी.”

ओपलने पर्समधून गार्डचं पान काढलं, उलटं केलं आणि ती पेन शोधू लागली.