चित्रातला चंद्र

सफाईवाल्या बाईला प्रदर्शनातल्या त्या चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. वर सगळा काळाकुट्ट रंग, खाली वीतभर पिवळा पट्टा, पट्ट्यात दोन लालभडक उभे ठोकळे आणि त्यांच्या पायथ्याशी एक पांढरा गोळा. बस्स! आणि त्यापुढे मंडळी अर्धा तास माना डोलावत उभी. "मोजून चार रंग, पण कसे अंगावर येतात! आणि चंद्र थेट जमिनीवर उतरवलाय, वा!" म्हातारा चित्रकार खुर्चीत बसून नुसता हसत होता.

मंडळी चहाला पांगली. बाई लादी पुसत आली, समोरच्या बाकाखाली फडकं फिरवायला आडवी झाली, आणि तिथून तिची नजर चित्रावर गेली. हात जागीच थांबला.

"साहेब, तुम्ही पलंगाखाली लपला होतात?"

चित्रकाराचं हसू मावळलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"मीही तिथंच असायचे. वर पलंग, खाली उजेड, उजेडात बापाचे पाय. लाथांवर लाथा. मी तोंडात फ्रॉक कोंबून पडायचे." तिनं पांढऱ्या गोळ्याकडे बोट केलं. "आमची आईपण अशीच पडायची, माझ्याकडे तोंड करून. डोळ्यांनीच सांगायची, बाहेर येऊ नकोस. बाप दमला की उठायची आणि कामाला लागायची."

"माझी उठली नाही," चित्रकार म्हणाला. "तिनंही तेच सांगितलं होतं. मी ऐकलं."