तुतिकोरिनला उतरले

"कुंभकोणमच्या स्थळाला मी होय सांगितलं," सूर्यनारायणराव म्हणाले आणि कॉफीचा वाटीसारखा डवरा खाली ठेवला. "वसुमतीचं कॉलेज आता पुरे."

वसुमती मान खाली घालून शेंगा सोलत राहिली. तिच्या भावानं, श्रीहर्षनं, वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. लाजेनं त्याचे कान तापले होते.

दोघंही बहीणभाऊ प्राणिशास्त्र शिकत होते. मद्रासहून निघणाऱ्या शिडाच्या शिकाऊ जहाजावर दोघांची निवड झाली, तेव्हा सूर्यनारायणरावांनी अख्ख्या गल्लीत साखर वाटली होती. देश नुकताच खुला झाला होता. आता परदेशी कंपन्यांची जहाजं येतील, मुलगा समुद्राचं शास्त्र शिकून मोठा अधिकारी होईल, असं ते कालवे खात्याच्या ऑफिसात ज्याला त्याला सांगत. वसुमतीला त्यांनी जाऊ दिलं ते केवळ भाऊ सोबत आहे म्हणून.

जहाजावर सकाळी बारीक जाळीनं समुद्राचं पाणी गाळायचं, त्यातले जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि दुपारी शिडं बांधायला डोलकाठीवर चढायचं. लंकेला वळसा घालून पार अंदमानपर्यंत जायचं होतं. पण दोघं तुतिकोरिनलाच उतरले आणि बस धरून तंजावूरला आले.

दारात चपला काढता काढताच वसुमती बोलली होती.

"मज भय वाटलं, अप्पा. जहाजावरचे एकटीला सोडत नव्हते, म्हणून अण्णाही उतरला."

श्रीहर्ष पिशवी उचलून आत गेला.

तेव्हापासून घराची रयाच गेली. ऑफिसात कुणी प्रवासाची चौकशी केली की सूर्यनारायणराव विषय बदलत. आई, सरोजाबाई, देवळात जायच्या त्याही मागच्या गल्लीनं. श्रीहर्ष तर कामाशिवाय घराबाहेर पडेनासाच झाला. कॉलेजातल्या कुणी रस्त्यात हाक मारली तर ऐकू न आल्यासारखा पुढे निघून जाई. बहिणीपायी पोराचं नुकसान झालं, असं शेजारीपाजारी हळहळत. ते कानावर आलं की त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटे. अप्पा जेवताना आधी त्याला वाढायला लावत आणि वसुमतीच्या पानाकडे बघतही नसत. श्रीहर्ष अर्ध्या जेवणावरून उठे.

एकदा परसात ती एकटीच कपडे वाळत घालत होती. तो जवळ जाऊन उभा राहिला.

"कुंभकोणमला तू नाही म्हण," तो म्हणाला.

"मी म्हणून काय होतं?" ती म्हणाली. "अप्पा आता माझं ऐकायचे नाहीत."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला जरा बरं वाटलं असतं. तो पुढे काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात आतून आईनं हाक मारली, आणि हाक आली याचंच त्याला हायसं वाटलं.

पुढच्या रविवारी दारात ऑटो थांबली. जहाजावर समुद्रजीव शिकवणाऱ्या डॉक्टर भुवनेश्वरी आल्या होत्या. जहाज मद्रासला परतलं होतं, नव्या फेरीची तयारी चालली होती. तंजावूरला काम निघालं, तेव्हा मुलांना भेटून जावं म्हणून त्या आल्या होत्या.

सरोजाबाई कॉफी करायला वळल्या. सूर्यनारायणरावांनी उभ्यानंच हात जोडले आणि मुलीच्या वतीनं माफी मागितली. मुलगी भित्री निघाली, म्हणाले, घराण्याची मान खाली गेली. तिला ते आता कुठंच पाठवणार नव्हते. पण मुलाचा यात काय दोष? त्याला नव्या फेरीत पुन्हा घ्यावं, एवढीच त्यांची विनंती होती.

बाई गोंधळून वसुमतीकडे पाहू लागल्या.

"होय मॅडम," वसुमती घाईघाईनं म्हणाली. "माझ्यामुळंच झालं सगळं."

श्रीहर्ष उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

भुवनेश्वरीबाईंनी आपली खुर्ची श्रीहर्षकडे वळवली आणि मायेनं विचारलं, "आता बरा आहेस ना रे? त्या दिवशी हिनं वर चढून तुला डोलकाठीवरून खाली आणलं, तरी संध्याकाळपर्यंत तू हिचा हात सोडत नव्हतास."