शेवटच्यासाठी टाळी

माझी शेवटची बर्पी संपली. जमिनीवर पालथं पडून उडी मारत उठले आणि सवयीने मान वर केली. टाळ्या वाजवायला कोणी थांबलं नव्हतं. पुण्याच्या या जिममध्ये ज्याचं संपतं तो बाटली उचलून निघतो.

कराडच्या आमच्या बॅचमध्ये आधी सुटलेले परत यायचे आणि मागे राहिलेल्याच्या शेजारी पुन्हा बर्पी मारायचे. मागे बहुधा मीच असायचे. मी पडूनच राहिले की आमचे ट्रेनर घाटगे सर म्हणायचे, "ताई, झोपायला घरी पलंग आहे ना?" हसण्याच्या भरात मी उठायचे. बदली होऊन इथे आल्यापासून माझा दम वाढला, पण यावंसं वाटेनासं झालं. आज जाताना काउंटरवर माझं नाव कमी करायला सांगायचं मी ठरवलं होतं.

बाटली घेताना कोपऱ्यात पालथी पडलेली एक मुलगी दिसली. तिच्या बऱ्याच बाकी होत्या. मी तिच्या शेजारी हात टेकले.

"काकू, तुमचं झालं ना?"

"झालं. पण आमच्यात शेवटच्याला एकटं सोडत नाहीत. ऊठ, झोपायला घरी पलंग आहे ना?"

ती धापा टाकत हसली आणि उठली. तिचं संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये त्या फार बारीक ऐकू आल्या.

"उद्या याल ना, काकू?"

"येईन," मी म्हणाले आणि काउंटरपाशी न थांबता बाहेर पडले.