राखीव लाइन

"एंगेज," त्र्यंबक म्हणाला आणि मानपाड्याच्या कारखान्यातला रिसीव्हर त्याने सातव्यांदा खाली ठेवला.

टेंडरचे कागद दोनच्या आत ईमेलने जायचे होते. कंपनीची सगळी इंटरनेटची ये-जा खोपटच्या ऑफिसातल्या फायरवॉलमधून चाले. आज बाहेरून नको त्या मेलचा नुसता पूर लोटला होता. तो अडवायचा तर त्र्यंबकनेच आत शिरायला हवं, पासवर्ड त्याच्याकडेच. पण त्या गर्दीत नेटवर्कवरून जोडणी क्षणभर लागे आणि तुटे.

अशाच वेळेसाठी त्याने वर्षभर साहेबांच्या नाकदुऱ्या काढून फायरवॉलला वेगळी फोनलाइन आणि मोडेम घेतला होता. 'हात लावू नये' ही पाटीही त्यानेच चिकटवली. सकाळी घरचा कॉम्प्युटर घरच्या फोनवरून याच लाइनला जोडून, आत जाऊन त्याने सगळं तपासलं होतं. मंदाकिनी डबा घेऊन दारात उभी, बस सुटायला आलेली, तरी तपासल्याशिवाय तो उठला नाही. एवढं करूनही ही गत. जीव विटून गेला होता त्याचा.

त्याने दुसऱ्या नंबरवर भिवाजीला गाठलं. भिवाजी चेंदणीचा कोळी, खोपटला बारा वर्षं ऑपरेटर. मागे बायको दवाखान्यात असताना त्याने एकदा ती लाइन वापरली होती. त्र्यंबक ते विसरला नव्हता.

"भिवाजी, तो फोन ठेव."

"मी हातपन नाय लावला, साहेब. मोडेमचे दिवे सकाळपासून लुकलुकतायत."

"लुकलुकणारच. बायकोशी बोलतोयस ना?"

"बंद करून चालू करू का?"

"कशाला हात लावू नकोस."

दोन वाजून गेले. अडीचला एकदाची लाइन लागली.

"मीच मोडेम बंद करून चालू केला, साहेब," भिवाजीने कळवलं.

"फोन ठेवला, असं सरळ सांग की."

टेंडर गेलं ते गेलंच. चारला साहेबांनी विचारलं, चूक कुणाची? वाद घालायचं त्राण त्र्यंबकमध्ये उरलं नव्हतं. त्याने नाव सांगितलं. पाचला भिवाजीची नोकरी गेली. त्याची तीन पोरं आठवून त्र्यंबकला वाईट वाटलं, पण नियम तो नियम.

घरी मंदाकिनीने चहा पुढे ठेवला.

"अहो, उत्तरावन्सं येऊन गेल्या. चिडल्या होत्या. सकाळपासून अडीचपर्यंत आपला फोन एंगेज लागत होता म्हणे. मी तर हातही लावला नव्हता."