रबराचा मासा

पक्षाघात झाल्यापासून धाकूंचा हात फार हळू चालायचा, म्हणून त्यांनी गळ टाकणं सोडलंच होतं. रविवारी सकाळी मुलगी जान्हवी त्यांना हट्टाने गोराईच्या खाडीवर घेऊन गेली. तिने गळाला रबराचा मऊ मासा लावला. “रबराक कोण तोंड लावतलो?” धाकू हसले. जान्हवीने गळ फेकून भराभर रीळ फिरवलं. रबरी मासा पाण्यात आडवा होऊन गरगरत आला. पाच वेळा तसंच झालं. “वाट लागली, बाबा! फसले मी.” “आण हकडे.” धाकूंनी रॉड घेतला आणि जमेल तसं, हळूहळू रीळ फिरवलं. त्या संथ ओढीने रबरी शेपटी डुलायला लागली. मासा जिवंत वाटला. तेवढ्यात रॉड वाकला. जान्हवी मदतीला धावली. “हात लावू नको!” धाकूंनीच लखलखता जिताडा काठावर आणला. “तुझ्या आवशीक फोन कर,” ते ऐटीत म्हणाले, “कालवणाक खोबऱ्याचा वाटप करूक सांग.”