झाडू लागला तर

"सांग तुझ्या बापाला," लोर्न लारिसाला म्हणाला, "दगड सोडायचाय, पेरायचा नाहीये. उगवायची वाट बघत बसू का आम्ही?"

तिचा बाप ओरेस्ट दोन पावलांवरच उभा होता. त्याने मान वळवली नाही. "त्याला सांग, घाई असेल तर घरी जा म्हणावं. करंडक आम्ही पुसून ठेवतो."

बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. दोघे एकाच गावात राहत, एकाच दुकानातून खिळे आणत आणि एकमेकांशी तिसऱ्याच्या तोंडून बोलत. खेळ बर्फावरून जड दगड सरकवून वर्तुळाच्या केंद्राजवळ बसवायचा, चार-चार जणांच्या दोन संघांचा. क्लबाची रीत अशी, की सामना संपला की जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पहिला पेला पाजायचा आणि आठही जणांनी एका टेबलाला बसायचं. या दोघांचे संघ खेळले की तेवढी दोन टेबलं लागत.

कारण गावाला पाठ होतं. बावीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात ओरेस्टचा भाऊ शेवटचा दगड सोडत होता आणि दगड लांब जावा म्हणून ओरेस्ट त्या दगडापुढचा बर्फ झाडूने घासत होता. दगड थांबला. लोर्नने विचारलं, "झाडू लागला का रे?" ओरेस्ट म्हणाला, "नाही." करंडक ओरेस्टच्या संघाला मिळाला, आणि लोर्नने भरल्या हॉलमध्ये त्याला खोटारडा म्हटलं. करंडकाचा फोटो अजून भिंतीवर होता. तो शब्दही कोणी उतरवला नव्हता.

या खेळात पंच नसतो. चालत्या दगडाला ज्याचा झाडू लागेल, त्यानेच हात उंच करून सांगायचं. मग त्या दगडाचं काय करायचं, ते समोरचा कप्तान ठरवतो. ओरेस्ट दर शनिवारी गावातल्या मुलांना खेळ शिकवी, आणि त्याचा पहिला धडा हाच असे. "झाडू लागला तर?" तो विचारी. पोरांचे हात झपकन उंच जात. एखादा हात रेंगाळला, तर तो पुन्हा विचारी. पस्तीस वर्षं तो हेच शिकवत होता. लारिसाही त्याच धड्यात वाढली होती. आता ती चाळिशीची झाली होती आणि शाळेची बस चालवत होती.

आज गुण बरोबरीत होते. एकच दगड उरला होता, आणि तो ओरेस्टचा होता. लोर्नचा लाल दगड केंद्रापासून वीतभर अंतरावर बसला होता. पुढे दोन दगड आडवे असल्याने त्याला उडवायची सोय नव्हती. ओरेस्टच्या पिवळ्या दगडाने वळसा घालून त्याच्याहून आत जाऊन थांबायचं होतं. डॉक्टरांनी ओरेस्टच्या गुडघ्याकडे बघून सांगितलं होतं, खेळायला हा हिवाळा शेवटचा. लोर्नला हरवायची पुढची संधी नव्हती.

ओरेस्ट पलीकडच्या टोकाला गेला, वाकला आणि बर्फावरून घसरत त्याने दगड सोडला.

"घासा! घासा!"

लारिसा आणि तिचा जोडीदार डेल दगडापुढे बर्फ घासत धावले. ओरेस्ट लंगडत मागून निघाला. दगड वळला, आडव्या दगडांना चुकवून वर्तुळात शिरला आणि मंदावला. लारिसा आणखी वाकली. तिच्या झाडूची कड दगडाला लागली. जेमतेम, केसभर. ओरेस्टने ते पाहिलं. लोर्नची नजर आपल्या लाल दगडावर होती.

पिवळा दगड सरकत सरकत केंद्रावर जाऊन थांबला.

काचेपलीकडे बसलेल्या गावकऱ्यांतून आरोळी उठली. स्वयंपाकघरात पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, तळणाऱ्या बायका झारे हातात घेऊन बाहेर आल्या. लारिसा मात्र आपल्या झाडूकडे बघत होती.

"जिंकलो आपण," ओरेस्ट हलक्या आवाजात, घाईघाईने म्हणाला. "चल, हात मिळव आणि निघ."

लारिसाने हात उंच केला. "माझा झाडू लागला."

आरोळी थांबली.

"कोणी पाहिलं नव्हतं!" ओरेस्ट दातओठ खात पुटपुटला.

"बाबा, तुम्हीच तर—"

"गप्प बस."

आता निर्णय लोर्नचा होता. तो पिवळ्या दगडाभोवती सावकाश एक फेरी मारून आला. ओरेस्टला ती सावकाशी सहन होईना.

"त्याला सांग, काढून टाक म्हणावं एकदाचा. बावीस वर्षं याच घटकेची वाट बघतोय तो."

"कुठे लागला?" लोर्नने लारिसाला विचारलं.

"इथे. वर्तुळात आल्यावर. नुसता शिवला."

"मग तसाही इथेच आला असता. राहू दे." लोर्नने आपला झाडू काखेत मारला. "सामना तुमचा."

ओरेस्टच्या कानशिलावरची शीर ताठ झाली. "त्याला सांग, मला त्याची भीक नको!"

तेव्हा लोर्न वळला. लारिसाला ओलांडून तो ओरेस्टसमोर येऊन उभा राहिला. त्याच्या आवाजात माया नव्हती.

"भीक कसली? त्या वर्षीचा दगडही मी होता तिथेच ठेवला असता, ओरेस्ट. करंडक तुलाच मिळाला असता. तू फक्त सांगायला हवं होतंस."

काचेला शनिवारच्या वर्गातली पाच-सहा पोरं नाक लावून उभी होती. त्यांच्या श्वासाने काच धुरकटत होती, आणि ती बाहीने पुसून पुन्हा बघत होती. ओरेस्टने त्यांच्याकडे पाहिलं. मग केंद्रावर बसलेल्या त्या पिवळ्या दगडाकडे.

त्याने उजव्या हाताचा मोजा काढला. सगळ्यांना वाटलं, आता तो लोर्नशी हात मिळवणार.

त्याने हात उंच केला.