रिव्हर्सचं कडं

गाडी पुन्हा मागे गेली.

"पहिला, कनका, पहिला," सांबशिव म्हणाले. "पहिला गिअर आणि रिव्हर्स शेजारी शेजारी आहेत. दांडा फार डावीकडे नेलास."

"चुकलं," त्यांची बायको म्हणाली आणि तिने ब्रेक दाबला.

पापनाशमच्या रस्त्यावरच्या त्या गिरणीचं भात वाळवायचं अंगण सकाळी रिकामं असे. मागच्या सीटवर दिव्यश्री कॅलिपर लावलेला पाय लांब करून बसली होती. शिकवणी झाली की तिला कॉलेजात सोडायचं असे.

"अप्पा, राहू द्या की," ती म्हणाली. "अम्मा पाठमोरी पापनाशमला पोचेल. लोक तिकीट काढून बघायला येतील."

सांबशिवना हसू आलं. पण हसलं की पोटात कळ यायची, म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

दिवाळी बघायला मिळेल का, असं विचारलं की डॉक्टर आता विषय बदलून त्यांच्या वजनाबद्दल बोलायला लागत. सांबशिव पॉलिटेक्निकमध्ये यंत्रांची रेखाटनं शिकवत आले होते. न काढलेली रेघही त्यांना दिसायची. मरणाचं त्यांनी मनाशी निपटलं होतं. एकच गोष्ट निपटत नव्हती. दिव्याला बसच्या पायऱ्या चढता येत नसत आणि तिचं कॉलेज तंजावूरच्या दुसऱ्या टोकाला होतं. गावात नव्या नव्या गाड्या दिसू लागल्या होत्या. त्यांनीही एक जुनी, लहानशी घेतली ती दिव्यासाठीच. आपल्यामागे ती चालवणार कोण?

"आमच्या घरात माणसं काम संपवून जातात," ते एकदा कनकलताला म्हणाले होते. त्यांचे वडील रंगराव मुलीच्या लग्नासाठी अंथरुणात तग धरून राहिले. ती सासरी गेली आणि दुसऱ्याच दिवशी रंगरावांनी डोळे मिटले. "माझं काम म्हणजे तू. तू गाडी शिकलीस की मी मोकळा."

कनकलता तांदूळ निवडत होती. तिने निवडलेले तांदूळ परत सुपात ओतले आणि पहिल्यापासून निवडायला घेतले.

आणि ती शिकत नव्हती. शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी बाई, ब्युरेटमधून एकेक थेंब सोडायची सवय असलेला हात. क्लचही ती तसाच सोडायची, धक्का म्हणून बसायचा नाही. निघण्याआधी आरशात बघायची. मागे दाणे टिपणारी कोंबडी दिसली तर ती दूर जाईपर्यंत थांबायची. एवढं सगळं नेटकं करून मग गाडी मागे न्यायची.

"लक्ष कुठे असतं तुझं?"

"इथेच की हो," ती म्हणायची.

मध्ये एकदा इंजेक्शनच्या गुंगीत सांबशिव दुपारभर झोपले. जाग आली तेव्हा दिव्या घरी आलेली होती. "त्यागराजमामांनी आणलं गाडीतून," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ते स्टिअरिंगमागे बसायला गेले तर गुडघे वर अडकले. कोणी तरी सीट पुढे ओढून ठेवली होती. शेजारचा त्यागराज म्हणजे सहा फुटी ताडमाड माणूस. "एवढे लांब पाय आणि बसतो कसा बघा," असं पुटपुटत त्यांनी सीट मागे सरकवली.

हळूहळू गाडीपर्यंत जायलाही त्यांना भिंत धरावी लागू लागली. स्टिअरिंग तर सुटलंच; गिरणीपर्यंत आणि पुढे कॉलेजात आता त्यागराज गाडी नेई. आज शिकवणी नको, असं म्हणावंसं वाटे. पण उजाडलं की कनकलता किल्ली हातात घेऊन दारात उभी असे. तिला ना धड येतंय, ना ती सोडतेय. मग ते शर्ट चढवत.

एवढ्यानं भागणार नाही हे कळल्यावर त्यांनी उशीला टेकून एक रेखाटन केलं. गिअरच्या दांड्यावर स्प्रिंगचं कडं, त्याच्याखाली पोलादी अडसर. दोन बोटांनी कडं वर ओढलं तरच दांडा रिव्हर्सकडे सरकेल. नाही तर अडसराला आपटून थांबेल. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमधल्या शेषाद्रीच्या लेथवर ते बनलं, दांड्यावर बसलं. सांबशिवनी होता नव्हता तेवढा जोर लावून दांडा डावीकडे रेटून पाहिला. हलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यागराज गिरणीच्या ओसरीवर कॉफी पीत बसला आणि कनकलता स्टिअरिंगमागे आली.

"हे काय नवीन?"

"अडसर. हे मुद्दाम वर ओढल्याशिवाय आता रिव्हर्स पडायचा नाही. चुकून तर नाहीच."

दिव्या एरवी काही तरी बोलली असती. आज ती आरशातून आईकडे बघत होती.

कनकलताने कड्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे शिकवणं संपलं?"

"संपलं. अंगणाला एक फेरी मार. मग मी मोकळा."

त्यांनी डोकं मागे टेकलं. कित्येक महिन्यांनी अंग हलकं वाटत होतं. आता झोप लागली तरी चालेल, असं वाटत होतं.

कनकलताने गाडी सुरू केली. आरशात पाहिलं. क्लच दाबला. सवयीने सांबशिवची नजर तिच्या हातावर गेली. तिची दोन बोटं कड्याखाली शिरली, कडं वर आलं, दांडा डावीकडे जाऊन वर सरकला. क्लच अलगद सुटला आणि गाडी मागे गेली.

"चुकलं," ती सरळ समोर बघत म्हणाली. "उद्या परत यावं लागेल तुम्हांला."